सावकाश पोट

रावेरजवळ माझ्या भावाची केळीची बाग आहे. एका थंडीत तिथे भरिताचा बेत होता. मी जळगावला घरीच ब्लाउज शिवते. लग्नसराईचं काम कसंबसं आटोपून मी गेले. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली हिरवी वांगी, तेलात परतलेली कांद्याची पात, शेंगदाणे, मिरच्या आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. चार घासांतच माझं पोट तट्ट झालं. वहिनीला वाटलं, शहरात राहून नखरे करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला उलटी झाली आणि त्यात आदल्या दुपारचे शेंगदाणे जसेच्या तसे होते. मी घाबरण्यापेक्षा चक्रावलेच जास्त. इतका वेळ हे आत करत काय होते?

तोवर मी पित्ताच्या गोळ्या खाऊन दिवस काढत होते. मला शुगर फार जुनी. त्यामुळे जो भेटेल तो सांगे, काकडी खा, मेथी कच्ची खा, भाकरी खा, इसबगोल घे. मी सगळं इमानाने करत होते आणि जितकं इमानाने करावं तितकं पोट फुगत होतं. कधी इन्सुलिन घेऊन जेवावं, मशीनवर बसावं, तर थोड्याच वेळात हात थरथरायला लागत. जेवूनही साखर खाली जाते कशी, हे घरात कोणालाच उमगत नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी दुर्बिणीने पोट तपासायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळपासून मी उपाशी होते, तरी आत जेवण सापडलं.

"शुगर जुनी झाली की काहींच्या पोटाच्या नसा मंदावतात," डॉक्टर म्हणाले. "तुमचं जेवण पोटातून पुढे लवकर सरकतच नाही. इन्सुलिन आपलं काम करून मोकळं होतं आणि जेवण अजून पोटातच असतं."

"मग औषध?"

"औषध देतो, इन्सुलिनच्या वेळाही बदलू. पण निम्मं काम तुमच्या स्वयंपाकघरात आहे."

त्यांच्याकडे आहार सांगायला एक बाई बसत. मी दिवसभर काय खाते ते त्यांनी ऐकून घेतलं आणि भाकरी, कोशिंबीर, मेथी, शेंगदाणे, तळण, सगळं बंद केलं.

"तुम्ही उलटं सांगताय," मी म्हणाले. "शुगरवाल्यांना तर हेच खायला सांगतात."

"सांगतात ना. पण ज्यांचं पोट चालतं त्यांना."

मला ते पटलं. रागही आला, पण पटलं.

मग मी माझं ताट बंद केलं आणि वाटी धरली. दिवसातून पुष्कळदा, पण वाटीभरच. मऊ भात आणि मुगाचं वरण. दुधी सोलून, बिया काढून, शिजवून घोटलेला. ज्वारीची पेज करायची तर पीठ मी अस्तराच्या मलमलमधून चाळायची, कोंडा अजिबात नको म्हणून. तेल चमच्याने मोजून. घास तोंडातच बारीक करायचा, कारण पोटाला आता ते काम जमत नव्हतं. शेजारच्या जैन घरात सूर्य मावळायच्या आत जेवतात. मीही त्यांची वेळ धरली. त्या घरच्या बाईंनी खिडकीतून "जेवलात का?" म्हणून विचारलं, की मी वाटी घ्यायची.

कामाची रीतही बदलली. पूर्वी जेवले की मशीनवर वाकून बसायची. आता जेवण झालं की उभं राहून टेबलावर कापड बेतायचं किंवा गल्लीत चक्कर मारायची. शिवायला बसायचं ते पोट हलकं झाल्यावर. दुपारी आडवं व्हायचं नाही. आमच्या ह्यांना एकट्याने वामकुक्षी घेणं सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली. हात थरथरायचे थांबले. उलट्या आधी कमी झाल्या, मग महिनोन्‌महिने झाल्याच नाहीत.

अशात मुलीचं लग्न झालं. सासर पिंपळनेरचं, शेतकरी घर. लग्नानंतर विहीणबाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. निघायच्या आधी मुलीचा फोन आला.

"आई, इथे पोटाचं काढू नकोस. सगळं थोडं थोडं खा म्हणजे झालं."

"सगळं थोडं थोडं खाल्लं की ते पुष्कळ होतं," मी म्हणाले.

विहीणबाईंनी खापरावर मांडे केले होते. पुरण भरलेले, रुमालासारखे पातळ, मोठे. शेजारी तुपाची वाटी, तिखट आमटी, कुरडया, भजी. एवढ्या उन्हाळ्यात खापरापुढे बसून त्यांचा चेहरा लाल झाला होता. माझ्या पानात मांडा पडायच्या आत मी हात आडवा धरला आणि म्हणाले, "विहीणबाई, मला हे चालणार नाही. मला वाटीभर मऊ भात द्या."

मुलीने मान खाली घातली. विहीणबाई तशाच उभ्या राहिल्या.

"बठ्ठं तुमनाकरता करेल शे," त्या म्हणाल्या. सगळं तुमच्यासाठीच केलंय. "आम्हना घरनं आवडनं नई का?"

"बघूनच आवडलं. पण खाल्लं तर उद्या तुमच्याच मोरीत जाईल. माझं पोट सावकाश चालतं."

"मांडा सोडीसन भात? भात तर आजारी माणूसले देतस."

"मी आजारी नाही. बसा, सांगते."

मी शेंगदाण्यांपासून सगळं सांगितलं. पुरुषमाणसं जेवायची थांबली होती, त्यांना म्हटलं, तुम्ही जेवा. विहीणबाई आत गेल्या. बऱ्याच वेळाने भाताची वाटी घेऊन आल्या. वर पळीभर तूप. मी वाटी परत दिली, "तूपही नको." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. दुसरी वाटी आणली ती कोरडी नव्हती, वरणाचं पाणी घालून कालवलेली होती. ते त्यांना मी सांगितलं नव्हतं.

जेवून मी उठले आणि चपला घातल्या.

"आते कोठे?"

"फिरून येते थोडी."

"दुपारना उनमा?"

"सावलीसावलीने जाईन."

सुनेची आई एकटी गल्लीतून हिंडतेय म्हटल्यावर लोक काय म्हणतील, या विचाराने त्यांनी डोक्यावर पदर घेतला आणि त्याही निघाल्या. दर ओट्यावर कोणी ना कोणी विचारी, "कोठे चालनात?" पहिल्या दोघींना त्यांनी काहीबाही सांगितलं. तिसरीला सरळ म्हणाल्या, "जेवन जिरावाले." कामाशिवाय चालायला अशा त्या कधी बाहेर पडल्याच नव्हत्या, हे त्यांनीच मला परतताना सांगितलं. मग विचारलं, "मंग तुम्ही दिवसभर खातस काय?"

मी सांगत गेले, त्या मधेमधे प्रश्न विचारत गेल्या. गाळलेलं चालतं का? आंबट चालतं का? नागली चालते का? संध्याकाळी उन्हं उतरायच्या आत त्यांनी नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या पिठाची पातळ आंबील केली, फडक्यातून गाळलेली, ताक आणि मीठ घालून. मी वाटी संपवली. त्या समोर बसून बघत होत्या. मुलगी इतका वेळ दारात उभी होती, ती आत येऊन आमच्यामध्ये बसली.

दुखणं बरं झालेलं नाही, होणारही नाही असं डॉक्टर सांगतात. गेल्या हिवाळ्यात मला ताप आला आणि पोट पुन्हा बंद पडलं. पाणीही टिकेना, तेव्हा दवाखान्यात जाऊन सलाइन लावून घेतलं. घरी आल्यावर आधी नुसतं पातळ, मग पेज, मग मऊ भात अशी परत वर चढत आले. पूर्वी अशा वेळी मी रडले असते. आता मला हा रस्ता पाठ आहे. कुठे थांबायचं आणि केव्हा डॉक्टरांकडे पळायचं, दोन्ही कळतं.

मध्यंतरी विहीणबाई डोळे दाखवायला जळगावला आल्या आणि आमच्याकडे राहिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या वाटीतला भात हट्टाने चाखला, सावकाश गिळला आणि म्हणाल्या, "तुमनं पोट सावकाश चालो, मन्हं तर उपाशी राही जाई." मग पिशवीतून घरून आणलेला ठेचा आणि बांधून आणलेल्या भाकरी काढल्या. माझ्यासमोर बसून त्यांनी ठेचा-भाकरी खाल्ली, मी माझा दुधी खाल्ला. जेवण झाल्यावर मी टेबलाशी उभी राहून त्यांच्या हिरव्या खणाचा ब्लाउज बेतायला घेतला आणि त्या बाही कोपरापर्यंतच ठेवा म्हणून सांगत राहिल्या.