वस्तादांना बाहेर बसवलं

आज इंदापूर तालुक्यातल्या एका तालमीत गेले होते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पैलवानांच्या दुखापतींवर माझं संशोधन आहे आणि ते इंटरनेटवर कुणालाही फुकट वाचता येणार आहे.

वस्ताद म्हणाले, "लिहा मॅडम, कुणाची हरकत न्हाय." सगळ्या पैलवानांनी माना डोलावल्या. तालमीत वस्तादांपुढं दुसरं कोण बोलणार?

मी वस्तादांना बाहेर बसवलं आणि एकेकाला वेगळं विचारलं.

"माझं नगा घेऊ," एकजण हळूच म्हणाला. "कुस्तीत समोरच्याला कळंल कुठं दाबायचं."

त्याची माहिती मी तिथंच काढून टाकली.

बाहेर येऊन एकजण कमी झाल्याचं सांगितलं, तेव्हा वस्तादांनी विचारलं, "न्हाय कोण म्हणलं?"

"ते तुम्हालाही सांगणार नाही."

वस्तादांनी आपला जुना दुखरा गुडघा चोळला. "मग मलाबी एकट्याला इचारा."

तुमच्या वतीनं 'हो' कोण म्हणून टाकतं?