‘हाय’ म्हणजे आहे

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे — हलकं व्हायचा मला काय अधिकार? रागाने सांगतेय. स्वतःच्याच रागाने.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीचं प्रशिक्षण होतं. जिवाणूत बाहेरचं जीन, म्हणजे जनुक, घालायचं, मग तो जिवाणू औषधाला लागणारं प्रथिन बनवतो — हे शिकवायचे. दोघींची जोडी. माझ्या जोडीला दर्शना. किनाऱ्यावरच्या मुरबे गावची, आई मासे विकणारी. मी बोईसरची, वडील साताऱ्याहून कारखान्यात आलेले, घरात शुद्ध बोलण्याचा भलताच तोरा. जोडीतल्या एकीलाच शेवटी नोकरी मिळणार होती आणि — आता खोटं कशाला बोलू? — हात तिचाच चांगला होता.

तिने दोन नळ्यांवर लेबलं लावली. ‘हाय’ आणि ‘नाय’. जीन शिरलं ती हाय, नाही शिरलं ती नाय. मी फिदीफिदी हसले. ती चिडली नाही. तिने आमच्या जोडीच्या वहीत अर्थ लिहून ठेवला आणि खाली माझी सही घेतली.

नारळी पौर्णिमेला ती सुट्टीवर होती. नळीत अँटिबायोटिक मला एकटीलाच घालायचं होतं. थोडंसं घातलं की बाकीचे जंतू मरतात, जीन शिरलेले आपले तेवढे तगतात. कपाटात दोन बाटल्या — एक पातळ, एक तीव्र. मी ‘हाय’ वाचलं आणि अर्थ ठाऊक असूनही डोक्यात आलं, हाय डोस! ओतली तीव्र. इंग्रजी शाळेचं डोकं ना, मराठी अक्षरांतही इंग्रजीच वाचणार. दुसऱ्या दिवशी नळीतलं सगळं मेलेलं. त्यातला थोडा राखीव साठा अजून गोठवून ठेवला नव्हता. महिन्याभराचं काम पाण्यात गेलं.

पण ती चूक सांगायला मी बसलेले नाही. चूक कुणाच्याही हातून होते.

शिकवणाऱ्या सरांनी दोघींना सगळ्या बॅचसमोर वही घेऊन बोलावलं. जाण्याआधी — मी ते पान फाडलं. घाबरून फाडलं का? नाही. घाबरले असते तर आज सांगायला तरी बरं वाटलं असतं. सरांपुढे उभी राहून म्हणाले, लेबलाचा अर्थ मला कुणी सांगितलाच नाही.

दर्शनाने सरळ सांगितलं, “वहीत हाय, सर. हिची सही पन हाय. तुमी बगा.”

सरांनी पानं उलटली. परत उलटली. मग तिच्याच सुरात म्हणाले, “वहीत तर नाय!”

सगळी बॅच हसली. मीही हसले. तिने फक्त माझ्याकडे पाहिलं.

काय संताप होतो म्हणून सांगू! जिवाणूला परकं जीन चालतं आणि लेबलावर इथलाच शब्द चालत नाही? किनारा दर्शनाच्या लोकांचा, खाडी त्यांची, त्या खाडीत घाण सोडणारे आम्ही कारखानेवाले — आणि वर त्यांच्या ‘हाय’ला हसणार? सरांना चार शब्द सुनावावेत असं अजूनही वाटतं. पण कुठल्या तोंडाने? सरांनी नुसती टिंगल केली होती. पान मी फाडलं होतं.

लेबलाचा दोष धरून दर्शनाला काढलं. नोकरी मला मिळाली. ती आता आईबरोबर पालघरच्या बाजारात बसते, असं ऐकते. मी त्या बाजारात पाऊल टाकत नाही.

आणि खरं सांगायचं ते हे पुढचं. आता नव्या मुलांना मीच शिकवते. लेबल कसं लिहावं, हा पहिला तास. दर बॅचला मी गंमत म्हणून सांगते — एका मुलीने नळीवर ‘हाय’ लिहिलं होतं, त्यामुळे सगळं वाया गेलं. दर बॅच हसते. परवाचीही हसली. पुढच्या बाकावरची एक मुलगी, दर्शनासारखीच किनाऱ्यावरची, चिंचणी गावची, तेवढी हसली नाही. तिने मान खाली घातली आणि वहीतला कुठलातरी शब्द खोडला. मी ते पाहिलं आणि पुढचा मुद्दा शिकवायला घेतला.