डॉक्टरांच्या हुकमानं काढलेली जीभ

लग्नाला सहा महिने झाले होते. मी रोज यष्टीनं जवळा बाजारच्या शाळेत शिकवायला जायचे. सत्तरीच्या दशकातली मधली वर्षं ती. एका सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून पदरावर पडलं. आरशात पाहिलं, तर तोंड उजवीकडे ओढलेलं आणि डावा डोळा काही केल्या मिटेना. मी किंचाळले, तेही अर्ध्याच तोंडानं.

सासूबाई धावत आल्या. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं. "लकवा हाय ह्यो. रोज यष्टीत खिडकीपाशी बसून राहिली, वारं लागलं."

आत्याबाईंचा धाक मोठा. सुनेनं त्यांच्यापुढं दात दाखवून हसायचं नाही, बोलायचं ते खाली बघून. तरी माझ्या नोकरीला त्यांनी कधी आडकाठी केली नाही. शेजारणींना 'आमची मास्तरीण' असं ठसक्यात सांगायच्या.

वसमतच्या एका दवाखान्यात औरंगाबादहून महिन्यातून दोनदा मेंदूचे डॉक्टर यायचे. तिथं आत्याबाईच मला घेऊन गेल्या. मला वाटलं, खोलीभर यंत्रं असतील. डॉक्टरांनी बॅगेतून काढलं काय, तर रबरी हातोडी, टाचणी, कापसाचा बोळा आणि ठोकल्यावर गुणगुणणारा लोखंडी चिमटा. आत्याबाई कुजबुजल्या, "हे तं सुताराचं सामान दिसून राहिलं."

हातोडीनं गुडघे ठोकून झाले, तळपाय खरवडून झाले. जिभेवर साखर ठेवून चव विचारली, ती डावीकडे लागलीच नाही. मग डॉक्टर म्हणाले, "कपाळाला आठ्या घाला." निम्म्याच कपाळाला पडल्या.

"आता दात दाखवा."

मी आत्याबाईंकडे पाहिलं. त्या नेमक्या डॉक्टरांच्या पाठीमागच्या बाकावर, माझ्या समोर बसल्या होत्या.

"बाई, दात! आता गाल फुगवा. आता जीभ काढा, पूर्ण बाहेर!"

मी आत्याबाईंच्या तोंडासमोर पूर्ण जीभ काढली. त्यांचे डोळे मोठे झाले. माझ्या पोटात गुदगुल्या व्हायला लागल्या.

"आता शिट्टी वाजवा."

आत्याबाई उठूनच उभ्या राहिल्या. "डाक्टरसायब, आमच्या घरात बायामाणसं शिट्टी वाजवत न्हाईत."

"मग तोंड वाकडंच राहू द्यायचं का?"

त्या खाली बसल्या. माझ्या ओठांतून नुसती हवा गेली.

डॉक्टर हसून म्हणाले, "लकवा नाही. मेंदू ठणठणीत आहे. चेहऱ्याची एक नस सुजली आहे, होईल बरी." त्यांनी गोळ्या दिल्या, डोळ्याला थेंब आणि रात्री बांधायला पट्टी दिली. शेजारच्या खोलीत कंपाउंडरनं मिठाच्या पाण्यात भिजवलेली गादी गालावर ठेवून विजेचं बटण दाबलं. दर दाबाला माझा डावा डोळा त्याच्याकडे बघून मिचकायचा. तो बिचारा लाजून कॅलेंडरकडे बघत बटण दाबत राहिला.

निघताना डॉक्टरांनी व्यायाम कागदावर लिहून दिला. सकाळ-संध्याकाळ आरशासमोर दात, गाल, जीभ, शिट्टी, प्रत्येकी दहा वेळा. असली लेखी परवानगी कुठल्या सुनेला मिळते! आमचा आरसा चुलीसमोर होता आणि आत्याबाई तिथंच धान्य निवडायच्या. आरशात त्यांचं तोंड धरून मी जीभ काढायचे. त्या मला टाकून बोलल्या असतील त्या दिवशी जरा जास्तच.

एकदा सुपातून मान वर न करता त्या म्हणाल्या, "आज सतरा झाल्या. डाक्टरनं धा सांगितल्या."

"मोजण्यात चूक झाली, आत्याबाई. पुन्हा पहिल्यापासून करते."

शिट्टी मात्र येईना. दोन आठवडे नुसती फुसफुस. एका रविवारी दुपारी आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं, उठून दाराला कडी घातली आणि माझ्यासमोर बसल्या. "काहून फुसफुस करून राहिली? ओठ असे आवळ. जीभ खाली दाब." आणि त्यांनी अशी शिट्टी वाजवली की अंगणातली शेळी उभी राहिली.

"लहान व्हते तवा शेतातल्या माळ्यावर बसून जवारीवरची पाखरं हाकलायचे मी," त्या म्हणाल्या. "भावाला गोफण देली, मला न्हाई देली. मंग काय करावं?"

"आत्याबाई, अजून एकदा."

त्यांनी वाजवली आणि खदखदून हसल्या. त्यांचा एक दात पडलेला आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

दीड महिन्यात माझं तोंड सरळ झालं. पुन्हा वसमतला गेलो, तेव्हा डॉक्टरांसमोर मी खणखणीत शिट्टी वाजवली. "वा! कुणी शिकवली?" आत्याबाई पदराशी चाळा करत जमिनीकडे बघत होत्या. मी म्हणाले, "शाळेतली पोरं वाजवतात, ऐकून ऐकून आली."

तेवढ्यात आत्याबाईंनी बाकावरून पाय पुढं केला. "माझ्या बी गुडघ्यावर ठोकून बघा." डॉक्टरांनी हातोडी मारली. पाय उडाला आणि पायातली चप्पल थेट दारातून येणाऱ्या कंपाउंडरच्या ट्रेमध्ये.

"तुमच्या नसा उत्तम आहेत, आजी. औषधाची गरज नाही."

"तं मंग उत्तम नसांच्या गोळ्या द्या."

डॉक्टरांनी मुकाट्यानं ताकदीच्या गोळ्या लिहिल्या. आत्याबाईंनी त्या महिनाभर घेतल्या, आणि रोज शाळेला निघताना त्यातली एक माझ्याही तळहातावर ठेवत राहिल्या.