दुर्बिणीची सुट्टी

सोनिया कृष्णविवरांचं वजन काढते. मराठीत एम.ए. करून मी उस्मानपुऱ्यात तिच्या शेजारच्या खोलीत राहायला आले, तेव्हा हे कळलं. मी हसले. ती हसली नाही.

ती कन्नडजवळच्या खेड्यातली. धाकटा भाऊ सत्यम वाळूजला कंपनीत, ती विद्यापीठात पीएच.डी.ला.

“जे दिसत नाही त्याचं वजन?” मी विचारलं.

“सत्याची शिफ्ट सुटली की काही वेळानं कंपनीची बस येते आणि इथं चहावाल्याकडं गर्दी होते. मधला वेळ आणि बसचा वेग माहीत असला, की वाळूज किती लांब ते इथं बसून सांगता येतं. तसंच. कृष्णविवराजवळचा उजेड भडकतो. भोवती फिरणारे ढग नंतर उजळतात. मधल्या वेळावरून ढगांचं अंतर कळतं. त्यांचा वेग त्यांच्याच उजेडातून मोजायचा. अंतर आणि वेग मिळाले की वजन निघतं.”



फेब्रुवारीत तिचं पहिलं उत्तर आलं. एका दीर्घिकेतल्या दोन उजेडांत चार महिन्यांचं अंतर. म्हणजे कृष्णविवर अवाढव्य. तिचे सर खूश. सोमवारी शोधनिबंध छापायला पाठवायचा होता. पुढचा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा राहणार होता.

रविवारी ती आम्हाला भजी तळून घालत होती.

“ताई, तुझी दुर्बीण लई नशीबवान,” सत्यम म्हणाला. “पावसाळा लागला की चार महिने झोपती. आम्हाला दिवाळीत चार दिवस भेटंनात.”

“गप रे. ढगातून काय बघंल ती?”

एवढं बोलून ती थांबली. झारा हातात तसाच.

“चार महिने,” ती म्हणाली.

“व्हय. काय झालं?”

“ते उजेडांमधलं अंतर नाय, सत्या. दुर्बीण बंद होती, तेवढा काळ मोजलाय मी.”

सत्यम घाबरला. “माझ्यामुळं?”

“सरांना फोन लावते. भजी तू तळ.”

भजी करपली. निबंध थांबला. मग तिनं परदेशातल्या, पावसाळा नसलेल्या डोंगरावरच्या दुर्बिणीची निरीक्षणं मागवली आणि मधली रिकामी जागा भरली. एप्रिलअखेर नवं उत्तर निघालं. चार महिन्यांचा एक महिना झाला. वजन चौथाई.

निबंध पाठवून ती पेढे घेऊन आली. सांत्वन करायचं की अभिनंदन, मला कळेना.

“वाईट नाही वाटत?”

“कशाचं? वजन कमी हाय, पण कृष्णविवराचं सोताचं हाय.”

सत्यमनं पुडा उघडून पाहिला.

“ताई, पेढेपण चौथाईच आणले व्हय?”