भिंतीकडे तोंड करून

हिंगणघाटातल्या त्या दुकानात बाप, लेक आणि सून मिळून अधू पायांसाठी जोडे शिवतात. त्यातल्या म्हाताऱ्याची पहिल्या दिवशी मला चीडच आली होती. माझ्या आईचा डावा पाय दोन बोटं आखूड आहे. तिला हा "चाला" म्हणाला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसला.

"पाहून काई समजत नाई," तो म्हणाला. "कोणी पाहून राह्यलं का माणूस नीट चालते."

तो नुसती पावलं ऐकायचा. अल्लीपूरहून पुन्हा बसने यायला नको म्हणून आई "बरोबर आहे" म्हणायची. मग पाठमोराच बोलायचा, "खोटं काऊन बोलता मावशी? डावा पाय अजून भेऊन राह्यला." त्याने तीनदा टाच उसवली, तीनदा नवा थर चढवला.

चौथ्या खेपेला आई दारापासून चालत त्याच्या पाठीमागे येऊन थांबली. दुसरंच कोणी गिऱ्हाईक आलं असं समजून, भिंतीवरची नजर न काढता तो वैतागून म्हणाला, "बसा जी भाऊ, जरा दम धरा. पहिले या मावशीले चालू द्या."