पुस्तक हातात परत द्यायचं

सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पत्रक लिहीत होते. आमच्या बोईसरच्या चाळीत दिवसदिवस नळाला पाणी येत नाही, त्याबद्दलचं. तासाभरात मजकूर पुरा झाला होता, शेवटची ओळ तेवढी राहिली होती. पलीकडून त्यांच्या शेजारच्या कमलताई बोलत होत्या, "रूथ, सिस्टर गेल्या गं. सकाळी चहा घेऊन गेले, तर उठल्याच नाहीत." मी विचारलं, "चष्मा डोळ्यांवर होता?" असं का विचारलं ते मलाही ठाऊक नाही. कमलताई म्हणाल्या, "होता." ... फोन ठेवला आणि मी ती शेवटची ओळ लिहून टाकली. हाताला सवय असते. ओळ संपल्यावर मला रडू आलं, कारण गेल्या वर्षभरात मी पाण्यावर लिहिलं, रस्त्यावर लिहिलं, रेशनवर लिहिलं. त्या बाईला शब्द देऊन ठेवलेलं एक पत्रक तेवढं लिहिलं नव्हतं.

सिस्टर म्हणजे नर्स. मनोरच्या पलीकडे डोंगरातल्या पाड्यावर त्यांचा जन्म, शिक्षण मिशनच्या बोर्डिंगात, आणि सारी नोकरी दवाखान्यांतून. निवृत्त होऊन पालघरला एका खोलीत राहायला आल्या. एकुलती मुलगी दोन वर्षांची असताना तापाने गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तो विषय त्या कधी काढत नसत. दर रविवारी बोईसरला आमच्या प्रार्थनाघरात यायच्या आणि भक्ती संपली की मागच्या भिंतीजवळचं लोखंडी कपाट उघडून बसायच्या. कपाटात ख्रिस्ती पुस्तकं होती, बहुतेक त्यांनी स्वतः जमवलेली. प्रत्येक पुस्तकाचा एक केसपेपर असे. दवाखान्यातून रद्दीत निघालेले जुन्या छापाचे कोरे केसपेपर त्यांनी मागून आणले होते. 'रुग्णाचे नाव' असं जिथे छापलेलं, तिथे पुस्तकाचं नाव. खाली वाचणाऱ्यांची नावं. पुस्तक घरी न्यायचं, केसपेपर कपाटातच राहायचा. "औषध तुझ्याबरोबर, कागद माझ्याजवळ," त्या म्हणायच्या. आणि नियम एकच होता. पुस्तक कपाटात परत ठेवायचं नाही, त्यांच्या हातात द्यायचं. मग त्या स्टुलावर बसवून विचारायच्या, "कुठं दुखलं, बाय?" आपण सांगू ते केसपेपरवर लिहून घ्यायच्या. आमच्या मंडळीतले एक रिक्षावाले काका म्हणाले होते, "कुठंच नाय दुखलं सिस्टर, मस्त झोप लागली." त्यांनी ते जसंच्या तसं लिहिलं आणि खाली उपचार म्हणून लिहिलं, 'पुन्हा पान एकपासून.' दुसरं एक पुस्तक होतं, बाप्तिस्मा घेऊनही माणसं एकमेकांना आजोबांची जात का विचारतात यावरचं. ते नेणारे बरेच जण स्टुलावर बसून नुसते आढ्याकडे बघत राहायचे. सिस्टर लिहायच्या, 'दुखलं, सांगत नाय.'

मी या घरातली नव्हते. म्हणजे पुस्तकांच्या घरातली. मी पत्रकांच्या घरात वाढले. पप्पा जालन्याकडून तारापूरच्या एमआयडीसीत आले, कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात लागले. त्यांची नखं कायम निळी. सुट्टीच्या दिवशी ते मला घेऊन बाजारात सुवार्तेची पत्रकं वाटायचे. "भैया, बेचता नहीं हूँ, पढ़ने का है," असं म्हणत कामगारांच्या हातात कागद द्यायचे आणि त्या कागदावर पप्पांचा निळा अंगठा उमटायचा. चार पानांचं पत्रक: पहिल्यावर पाप, दुसऱ्यावर मरण, तिसऱ्यावर वधस्तंभ, चौथ्यावर निर्णय आणि नाव लिहायला ठिपक्यांची रेघ. मला अक्षरं त्यावरच लागली. सतराव्या वर्षी मी स्वतः पत्रकं लिहू लागले आणि मंडळीत माझं कौतुक व्हायला लागलं. सिस्टर मात्र मला 'पत्रकबाई' म्हणायच्या. मला तो शब्द मानाचाच वाटायचा...

एका रविवारी त्यांनी मला कपाटातून एक पुस्तक दिलं. जीर्ण, कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलेलं. खेड्यातल्या एका पाळकाची तान्ही मुलगी तापाने जाते, त्यानंतरच्या वर्षाची त्याने लिहिलेली हकिकत. पान चाळीसवर तो लिहितो की आता मला प्रार्थना येत नाही, आणि येत नाही हे मी मंडळीला सांगणार आहे. मी तिथेच थांबले. पत्रकावर वाढलेल्या माणसाची एक खोड असते: शेवटचं पान आधी बघायचं, कारण निर्णय तिथे असतो. मी शेवटचं पान उघडलं. तिथे ना कबुली, ना आमेन. तो विहिरीवर शेजारच्या विधवेसाठी पाणी शेंदत होता, एवढंच. माझं डोकं फिरलं. त्याच दिवशी मी 'कपाटातली कीड' नावाचं पत्रक लिहिलं. अशी पुस्तकं विश्वास पोखरतात, ती प्रभूच्या घरात नकोत, असं मी ठासून मांडलं आणि पुढच्या रविवारी दारात उभी राहून प्रत्येकाच्या हातात दिलं.

सिस्टरनाही दिलं. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, घडी घालून पिशवीत ठेवलं.

"पुढची पानं वाचलीस का, पत्रकबाई?"

"विष आहे हे कळायला सगळी बाटली प्यावी लागत नाही!" मी मोठ्याने म्हणाले. दोघातिघांनी "आमेन" म्हटलं.

"नाय लागत," त्या म्हणाल्या. "पन लेबल तरी पुरतं वाच."

त्याच आठवड्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी कपाटाला कुलूप घातलं. किल्ली पाळकसाहेबांकडे गेली. माझ्याजवळ असलेलं ते एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून मी पलंगाखाली सारलं, पुरावा म्हणून. सिस्टर दर रविवारी येत राहिल्या. भक्ती झाली की बंद कपाटाशेजारी पाच मिनिटं बसायच्या आणि निघायच्या. मला त्यांचा राग यायचा, कारण त्या माझ्यावर रागावत नव्हत्या.

मग पप्पांना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्या माणसाने आयुष्यभर अनोळखी लोकांना थांबवून बोलतं केलं, त्याला पाणी मागता येईना. मंडळी घरी येऊन प्रार्थना करून जायची. एक दिवस एका बाईने पप्पांच्या उशाशी एक कागद ठेवला, मायेनेच ठेवला, आणि म्हणाली, "भाऊ, हे रोज बघा." ते माझं पत्रक होतं, सतराव्या वर्षी लिहिलेलं. त्यात मी लिहिलं होतं की जो बरा होत नाही त्याने आपल्या विश्वासाचं परीक्षण करावं. पप्पांनी ते डाव्या हाताने धरून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंडातून आवाज फुटत नव्हता... मी तो कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. माझ्या वाक्याला माझ्याच बापाच्या छातीवर उभं राहिलेलं मी पाहिलं आहे.

त्या दिवशी पलंगाखालचं पुस्तक काढलं. पान चाळीसवरून पुढे वाचू लागले, पप्पांना ऐकू येईल असं. तो पाळक आपल्याच मंडळीत मागच्या बाकावर जाऊन बसतो. गात नाही. लोक त्याला आनंदी राहा म्हणतात आणि तो दारात त्यांच्या चपला सरळ करतो. ऐकताना पप्पा निळं नख पानावर टेकवून ठेवायचे, म्हणजे थांबू नकोस. शेवटचं पान आलं. विहीर, विधवा, पोहरा. आणि एक ओळ, जी मी आधी पाहिलीच नव्हती: पाणी शेंदता शेंदता त्याच्या लक्षात येतं की आपण मघापासून कुणाशी तरी बोलतो आहोत. बस. पुस्तक संपतं. पप्पांनी खोल श्वास सोडला. त्या घरात इतके महिने झालेल्या साऱ्या प्रार्थनांत मला पटलेली ती पहिली.

दुसऱ्याच दिवशी पुस्तक घेऊन मी पालघरला सिस्टरच्या खोलीवर गेले. खूप रडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, चहा केला, बरोबर सोडे घातलेले पोहे दिले. मी पुस्तक पुढे केलं तर म्हणाल्या, "आता नाय घेत."

"का?"

"पत्रक घरोघरी गेलं आनि रडायला तू एका म्हातारीच्या खोलीत आलीस. असं नाय चालायचं. लिहून वाटलंस ना? मग लिहून वाटूनच परत घे. तवा हे माझ्या हातात दे. तवर तुझ्याकडंच हाय."

मी शब्द दिला. आणि लिहिलं नाही. सुरुवात खूपदा केली. कधी वाटायचं भाषा कमी पडते, कधी वाटायचं पंच पप्पांना भेटायला यायचे बंद होतील. खरं एकच होतं: दारात उभं राहून 'मी पूर्ण वाचलं नव्हतं' असं सांगायची मला लाज वाटत होती. दुसऱ्यांच्या चुकांवर माझी लेखणी तासाभरात चालते. शेवटची भेट झाली ती प्रार्थनाघराच्या पायरीवर.

"काय गं पत्रकबाई, झालं का?"

"पुढच्या रविवारी नक्की, सिस्टर."

"माझं वय बघ गं," म्हणाल्या आणि हसल्या. खोकल्या. मीही हसले... पुढच्या रविवारी मी गेले नाही, मुद्दाम. त्याच आठवड्यात कमलताईंचा फोन आला.

मातीनंतर पाळकसाहेबांनी कपाट उघडलं. आठवणीच्या भक्तीत पुस्तकं मांडावीत असं त्यांच्या मनात होतं. खालच्या खणात केसपेपरांचा गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. मी त्या पुस्तकाचा कागद शोधून काढला. सगळ्यात वरचं नाव सिस्टरचं स्वतःचं. समोर त्यांच्या अक्षरात: 'पान चाळीस. माझी पोर आठवली. पुस्तक फेकलं. कपाटाखाली गेलं. लय दिवस काढलं नाय.' त्याखाली वेगळ्या शाईत: 'काढलं.' मग दोन-तीन नावं. आणि शेवटी 'रूथ'. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं. बाकी सगळ्यांना त्यांनी दोन-दोन ओळी दिल्या होत्या. माझ्यासाठी उरलेला अख्खा कागद कोरा ठेवला होता.

म्हणून लिहिते. 'कपाटातली कीड' हे पत्रक मी लिहिलं, मी वाटलं. ते लिहिताना मी चाळीस पानं आणि शेवटचं पान एवढंच वाचलं होतं. जो बरा होत नाही त्याच्या विश्वासात खोट असते, हे माझं जुनं वाक्यही खोटं होतं. दोन्ही मी परत घेते. हाच मजकूर छापून गेल्या महिन्यात प्रार्थनाघराच्या दारात उभी राहिले. चाकाच्या खुर्चीत पप्पा शेजारी होते, डाव्या हाताने एकेक कागद पुढे करत होते. काहींनी घेतला, काहींनी नाही. कपाटाचं कुलूप पंचांनी अजून पुन्हा घातलेलं नाही.

पाळकसाहेब म्हणाले, "रूथ, आता ते पुस्तक ठेव जागेवर." मी कपाटापर्यंत गेले. मधल्या खणात त्याच्याएवढी फट आहे. पण पुस्तक कपाटात ठेवायचं नाही, हातात द्यायचं, हा नियम. स्टूल तिथेच आहे. दर रविवारी मी पुस्तक पिशवीतून नेते, भक्ती संपली की त्या स्टुलावर बसते, कुठं दुखलं ते मनात जुळवून ठेवते... आणि पुस्तक घरी परत आणते.