बसलेल्या माणसांच्या पाट्या

काळ्या कपड्यांतले सहा प्रतिष्ठित गृहस्थ एका टेबलाभोवती बसले आहेत. सगळे माझ्याकडे बघताहेत आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न आहे: हा आता कशाला आला? चित्र साडेतीनशे वर्षांपूर्वीचं. मी त्याच्यासमोर घडीच्या स्टुलावर बसलो होतो, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता. माझ्या वयाच्या माणसाने त्या वेळी ऑफिसात असायला हवं. मंडळींकडे बराच वेळ पाहिल्यावर मी फोन काढला, फोटो घेतला आणि त्याखाली लिहिलं: 'मीटींग संपली होती. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, एक छोटासा मुद्दा राहिला.'

आणि ते पुण्याला बाबांना पाठवून दिलं.

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'मीटिंगमधला टि ऱ्हस्व. बाकी ठीक.'

बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. पाठ्यपुस्तकांची प्रुफं वाचण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीने जिन्याखालचा काळा फळा आणि खडूची पेटी त्यांच्या हवाली केली. तेव्हापासून त्या इमारतीत कोणत्याही बाबतीत कोणाच्या मनात शंका उरलेली नाही. 'गच्चीवर वाळत घातलेले पापड सर्वांचे नाहीत' ही पाटी त्यांचीच. त्यांच्या तोंडून 'बाकी ठीक' निघणं म्हणजे सभागृहात टाळ्यांचा कडकडाट समजायचा. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे गेलो.

आता मी सकाळी साडेदहाला तिथे काय करत होतो, ते सांगतो. मी आजारी होतो.

ताप नाही, खोकला नाही, दाखवण्यासारखं काही नाही. एका सोमवारी डीमन या डच उपनगरातल्या आमच्या घरून ऑफिसात पोचलो, सायकल लावली आणि कुलूप घालायला किल्ल्यांचा जुडगा काढला. चार किल्ल्या होत्या. त्यांतली सायकलची कोणती, ते मला आठवेना. नऊ वर्षं तीच सायकल, तीच किल्ली. मी एकेक किल्ली निरखत तिथे वीस मिनिटं उभा होतो आणि मग सायकलींच्या मधोमध जमिनीवर बसलो. सूट घातलेला, डोक्याला टक्कल पडू लागलेला भारतीय गृहस्थ सायकलतळावर मांडी घालून बसलाय, हे दृश्य पाहून लोकांनी आधी वाट बदलली. मग एकीने पाणी आणून दिलं.

कंपनीच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्हाला कशातून ऊर्जा मिळते?"

मी म्हणालो, "झोपेतून. पण आता झोपून उठलो की झोपेचाच शीण येतो."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, लॅपटॉप उघडायचा नाही. रोज घराबाहेर पडायचं आणि ज्याचा काही उपयोग नाही असं काहीतरी करायचं. बिनउपयोगाचं काम डॉक्टरने लिहून देण्याचा हा प्रकार मला फार आवडला. माझ्याकडे वर्षभराचं म्युझियम कार्ड होतं, पाहुणे आले की उपयोगी पडणारं. घरापासून मेट्रो होती. आणि म्युझियमच्या दारात, ज्यांना उभं राहवत नाही त्यांच्यासाठी, घडीची हलकी स्टुलं ठेवलेली असत. मी पहिल्या दिवशी एक उचललं, ते रोज उचलत राहिलो.

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. मी दालनातच होतो.

"कुठे आहेस? तुझ्या ऑफिसात एवढी शांतता?"

खरं सांगायला ती जागा, ती वेळ, सगळं उत्तम होतं. पण बाबांनी चौतीस वर्षांत मोजून एकदाच मोठी रजा घेतली होती, मी पाचवीत असताना, कावीळ झाली म्हणून. ज्या माणसाने काविळीशिवाय छापखाना चुकवला नाही, त्याला मी काय सांगणार? किल्ली ओळखता आली नाही म्हणून घरी बसलोय?

"म्युझियमचं काम आलंय, बाबा. प्रोजेक्ट."

"काम काय नक्की?"

"चित्रांच्या नोंदी. कॉम्प्युटरवर."

"आणि या पाट्या?"

"त्या जेवणाच्या सुट्टीत."

"सकाळी साडेदहाला जेवता?"

"इथे लवकर जेवतात."

संध्याकाळी फळ्याचा फोटो आला. 'क्र. ७ यांच्या चिरंजीवांची परदेशी चित्रसंग्रहालयाच्या कामी नेमणूक झाली आहे. अभिनंदन. पेढे मिळणार नाहीत.'

बायकोने फोटो पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःचा लॅपटॉप मिटला. "चांगलंय. आता नियुक्तीपत्रही तूच लिही."

"सांगतो गं त्यांना."

"कधी?"

"योग्य वेळ आली की."

"मेलेल्या लोकांच्या तोंडी वाक्यं घालतोस दिवसभर," ती म्हणाली, "आणि जिवंत बापाशी एक वाक्य बोलवत नाही तुला."

ते खरंच होतं. मेलेली मंडळी फार सोयीची होती. पत्र वाचत बसलेल्या बाईखाली मी लिहिलं: 'पत्र शेजाऱ्यांचे आहे. वाचून झाल्यावर देण्यात येईल.' गळ्याभोवती ताटाएवढी चुणीदार कॉलर घालून खुर्चीत बसलेल्या जाडजूड व्यापाऱ्याखाली: 'पान मांडले आहे. वाढायला घ्या.' मोठं पुस्तक मांडीवर घेऊन पेंगणारी आजी: 'पारायण चालू आहे. घोरण्याकडे दुर्लक्ष करावे.' गालावर हात ठेवून झोपलेली मोलकरीण आणि तिच्या मागे मासा पळवणारं मांजर: 'बाई विश्रांती घेत आहेत. मांजराकडे चौकशी करावी.' कधी नुसतंच अर्धं सोललेलं लिंबू, सालीची गुंडाळी टेबलावरून खाली लोंबतेय: 'उरलेले लिंबू मोजलेले आहे. हुकमावरून.'

बाबा प्रत्येकाचं प्रूफ तपासत. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, 'इथे पूर्णविराम हवा, लिंबाला उद्गारचिन्ह शोभत नाही.' एवढं झालं की मी स्टूल परत ठेवायचो आणि घरी येऊन आडवा पडायचो. त्या दिवसांत एक पाटी म्हणजे माझा एक पूर्ण कामाचा दिवस होता. ती लिहून झाल्यावर मेट्रोच्या जिन्यात कठड्याला धरून थांबावं लागे.

दालनावर लक्ष ठेवणाऱ्या एक बाई होत्या, उंच, पांढऱ्या केसांच्या. दोन आठवडे त्यांनी मला रोज पाहिलं आणि मग एकदा डचमध्ये विचारलं, "अभ्यास करता का चित्रांचा?"

"नाही," मी म्हणालो. "मी आजारी आहे."

"हं," त्या म्हणाल्या, बाहेर पाऊस आहे असं मी सांगितल्यासारख्या. "मग त्या कोपऱ्यात बसा. तिथे शाळेच्या सहली येत नाहीत."

मी त्या कोपऱ्यात जाऊन बसलो आणि स्वतःवरच थक्क झालो. डचमध्ये ते वाक्य तीन शब्दांचं आहे. मराठीतही तीनच शब्दांचं आहे, मी बोटांवर मोजून पाहिलं. तरी एक वाक्य सहज बाहेर पडलं होतं आणि दुसरं दोन आठवडे अडून बसलं होतं.

मग एका शनिवारी दुपारी बाबांचा फोन आला. मी सोफ्यावर पडलो होतो. बायको समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने न विचारताच फोन स्पीकरवर टाकला.

"सदतीस झाली," बाबा म्हणाले.

"काय सदतीस?"

"चित्रं. काल सगळी एका बैठकीत पाहिली. प्रूफ कसं वाचतात, माहितीय ना तुला? एकदा अर्थासाठी. एकदा अक्षरांसाठी. आणि शेवटी उलटं, खालून वर. उलटं वाचलं की अर्थ मध्ये लुडबुडत नाही, मग चूक दिसते."

"परत ऱ्हस्व-दीर्घ का?"

"नाही. उलटं पाहिल्यावर मला विनोद दिसेनात, नुसती माणसं दिसली. अरे, सदतीस चित्रांत एक माणूस उभा नाहीये. सगळे बसलेत, नाहीतर झोपलेत. लिंबूसुद्धा आडवं पडलंय."

बायकोच्या हातातली घडी तशीच राहिली.

मी आठवून पाहिलं. त्या म्युझियमात दूध ओतणारी एक बाई आहे, तिला बघायला सगळं जग लोटतं. मी रोज तिच्यासमोरून जात होतो. तिचा फोटो काढावा असं मला एकदाही वाटलं नव्हतं. ती उभी होती. नुसतं तिच्याकडे बघूनच माझे पाय दुखत.

"त्या म्युझियमात उभी माणसं नाहीत का?" बाबांनी विचारलं.

"आहेत, बाबा."

"मग?"

इतके दिवस मी कोणतं वाक्य बोलायचं त्याची तालीम करत होतो. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं ठरलं होतं. ऐन वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही.

"प्रोजेक्ट नाहीये, बाबा. मी आजारी आहे."

पलीकडे त्यांनी पंखा बंद केल्याचा आवाज आला.

"काय होतं?" त्यांनी विचारलं.

"दमलोय. सायकलची किल्ली ओळखता येत नाही."

मी 'तू काय हमाली करतोस का दमायला?' या वाक्याची वाट पाहत होतो. ते आलं नाही.

"मला शब्द लागायचा नाही," बाबा म्हणाले. "अक्षरं दिसायची. क दिसायचा, म दिसायचा, ळ दिसायचा. कमळ दिसायचं नाही. तिसरीचं पुस्तक होतं. छापखान्याच्या जिन्यात बसून राहिलो सबंध दुपार."

"कधी?"

"तू पाचवीत होतास तेव्हा."

"तेव्हा तर तुम्हाला कावीळ झाली होती."

"कसली कावीळ! वेड लागलं म्हणाले असते लोक. तुझी आई म्हणाली, कावीळ सांगू. काविळीला दोन महिने मिळतात आणि कोणी जास्त विचारत नाही."

मला ते दोन महिने लख्ख आठवत होते. बाबा बाहेरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेले. घरात तेल बंद, फोडणी बंद, रोज कॅनमधून उसाचा रस. शेजारचे काका येऊन बाबांची पापणी ओढून बघत आणि म्हणत, "अजून पिवळे आहेत हो डोळे." कोणीतरी गळ्यात काविळीची माळ घातली होती. आजार उतरतो तशी ती लांबत जाते म्हणतात.

"पण माळ लांबली होती, बाबा! मी रोज मोजायचो."

"माळेला काय कळतंय? ती ओढीने लांबते."

बायकोने तोंडावर टॉवेल धरला. ती हसत होती, की काय करत होती, कळलं नाही.

"म्हणजे मी दोन महिने बिनफोडणीचं वरण उगाच खाल्लं," मी म्हणालो.

"तू एकटा नाही. तुझ्या आईने पण खाल्लं. शेजारी वास गेला असता ना," बाबा म्हणाले. आई जाऊन सहा वर्षं झाली. जाईपर्यंत तिने हे माझ्याजवळ कधी काढलं नाही.

"किती दिवस लागतील तुला?" शेवटी त्यांनी विचारलं.

"डॉक्टर सांगत नाहीत."

"बरं. बसून घे," ते म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्याचा फोटो आला. अक्षर नेहमीसारखंच, ओळी आखल्यासारख्या.

'सूचना. क्र. ७ यांचे चिरंजीव कोणत्याही कामी नेमलेले नाहीत. ते आजारि आहेत. कावीळ नाही. चौकशी करू नये.'

त्याखाली दुसऱ्याच कोणाच्या तरी हाताने लिहिलं होतं: 'लवकर बरे व्हा. पेढ्यांचे काय?'

मी फोटो मोठा करून दोनदा वाचला, तिसऱ्यांदा खालून वर वाचला. मग उशीला टेकून, सावकाश, एका बोटाने लिहिलं: 'बाबा, आजारीतला री दीर्घ असतो.'

या वेळी उत्तराला दहा मिनिटांपेक्षा बराच जास्त वेळ लागला.

'माहीत आहे. आजार दीर्घ नको म्हणून ऱ्हस्व लिहिला.'